रेवणअण्णाची उसनवारी

आमच्या गल्लीत आजही कुणाला कॉम्प्युटर घ्यायचा असला की ओट्यावर बसलेल्यांपैकी कुणीतरी सुस्कारा सोडून म्हणतं, "रेवणअण्णा असायला पाहिजे होते." बाकीचे माना डोलावतात. मी काहीतरी काम आठवल्याचं निमित्त करून आत निघून जाते. थांबले तर तोंडातून वेडंवाकडं निघेल, आणि गल्लीत राहायचं तर तोंड सांभाळावं लागतं. लिहिताना मात्र सांभाळणार नाही. सगळी गल्ली त्याला अहोजाहो करते, तोंडावर मीही करत आले. इथे तो मला नुसता 'तो' आहे.

आमची गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली. बैठी घरं, एकाला एक लागून. अर्ध्या घरांत आम्ही तेलुगू बोलणारे, उरलेल्यांत मराठी नाहीतर कन्नड, आणि मागच्या अंगाला यंत्रमागांची दिवसभर खडखड. रेवणअण्णा मूळचा अक्कलकोटकडचा. एका सूतगिरणीच्या ऑफिसात तो कॉम्प्युटर सांभाळायला होता. गिरणी बंद पडली तसा तो गल्लीचे कॉम्प्युटर सांभाळायला लागला. त्याला कुणी नेमलं नव्हतं. उंच, काटकुळा, कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा शर्ट आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी रंगकामाचा ब्रश. मागांचा कापूस उडून आमच्याकडे सगळ्या वस्तूंवर बसतो. तो बोलता बोलता ब्रश काढायचा आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या पंख्यावरचा कापूस झटकायला लागायचा. झटकलेला कापूस समोरच्या पोह्यांच्या ताटलीत पडला तरी त्याला फिकीर नसे. पोहे अर्थात आपले असायचे.

माणसांपेक्षा त्याला मशीनची जास्त काळजी. अत्तम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन घरी आल्या तेव्हा सगळी गल्ली बघायला आली, तोही आला. खाटेवरच्या अत्तम्मांकडे त्याने एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "अक्का, मशीन बरं हाय न्हवं?" अत्तम्मांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "बिचारा आठवणीनं आला." मी चहा टाकायला गेले आणि साखरेचा डबा ओट्यावर आपटला.

पैसे तो घेत नसे. एक रुपया नाही. लोक याचं कौतुक करतात, आणि माझ्या मते सगळं तिथेच बिघडलं. पैसे घेणाऱ्या माणसाला जाब विचारता येतो, काम नीट झालं नाही तर उद्यापासून येऊ नको म्हणता येतं. फुकट राबणाऱ्याला काय म्हणणार? तो फक्त चहा मागायचा, तोही बिनसाखरेचा, आणि एक घोट घेऊन म्हणायचा, "पत्ती लई उकळलीय की." आपण ओशाळं होऊन दुसरा टाकायचा. त्याने बसवलेलं काही बंद पडलं तर चूक कधी त्याची नसायची. "लाईट खराब हाय हितली," म्हणायचा. गल्लीतली वीज त्याने इतक्या वेळा बदनाम केली की तिची मला दया यायची.

तयार कॉम्प्युटरवर त्याचा दात होता. कंपनीने जोडून, सील करून दिलेल्या मशीनला तो 'कंपनीचा डबा' म्हणायचा. सुटे भाग एकेक पारखून घ्यायचे आणि घरी जोडायचे, हाच त्याचा धर्म. दुसऱ्याने वेगळं काही केलं तर तो खपवून घेत नसे. आमच्या शेजारचे कांबळे सर हायस्कुलात गणित शिकवायचे. थोरल्या मुलीसाठी त्यांनी शोरूममधून तयार कॉम्प्युटर आणला आणि गल्लीत पेढे वाटले. संध्याकाळी सगळे बघायला जमले. पोरगी नवीन फ्रॉक घालून त्या कॉम्प्युटरशेजारी बसली होती. हा आला, मागे जाऊन वाकून बघितलं आणि म्हणाला,

"सर, आत काय काय हाय, माहिती हाय का?"

सरांनी खोक्यावर छापलेलं वाचून दाखवलं.

"ते झालं खोक्यावरचं. आतलं इचारतोय मी."

"ते सील आहे अण्णा. उघडलं तर वॉरंटी जाते."

"म्हंजे वस्तू तुमच्या घरात, लाईटबिल तुमचं, अन् झाकण उघडायचा अधिकार तिसऱ्याचाच. भाडेकरू झाला की ओ सर तुमी!"

सगळे हसले. सरही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. मुलगी उठून आत गेली. त्यानंतर किती तरी दिवस सर ओट्यावर बसायला आले नाहीत, आणि अण्णाला वाटत राहिलं की आपण एका माणसाचे डोळे उघडले.

आता माझं सांगते. मी टॉवेल आणि चादरींची डिझाइनं काढते. लग्नानंतर सासऱ्यांच्या शेजारी बसून शिकले. चौकटीच्या मोठ्या कागदावर एकेक चौकोन रंगवत जायचं. त्यावरून मागाला कळतं की कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा. सासरे गेल्यावर ते काम मी धरून ठेवलं. माझ्या वेलबुट्टीला कारखान्यांत नाव होतं. मग एकेक कारखानदार म्हणायला लागला, कागद नको, आता फाईल द्या. समोरच्या घरातली विजया हेच काम करायची. तिने कॉम्प्युटर घेतला आणि तिचं काम वाढत गेलं. मी घेतला नाही तर माझं जाणार हे स्पष्ट होतं. आणि ते गेलं असतं तर या घरात मी फक्त भाकरी थापणारी उरले असते. घरखर्च ह्यांच्या पगारात भागत होता, पण कारखान्यात कुणी 'वेलबुट्टीवाल्या बाई आल्या' म्हटलं की मला जे वाटायचं ते कशात भागणार होतं?

मला तयारच घ्यायचा होता. कारण साधं: बिघडला तर एकाच दारात जाऊन भांडता येईल. पण आमच्या ह्यांनी मला न सांगता अण्णाला विचारलं. तो लगेच हजर.

"बजेट बोला."

ह्यांनी पंचवीस हजार सांगितले. तो हसला. कुणीही कितीही सांगितलं तरी तो आधी असाच हसायचा, ऐकणाऱ्याला आपण दरिद्री आहोत असं वाटेपर्यंत. मग म्हणाला, "एवढ्यात कंपनीवाला चार गोष्टी झकास देतो अन् पाचवीत हात मारतो. ती पाचवी म्हंजे एसएमपीएस. घरातली लाईट घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देणारी पत्र्याची डबी. ती कुणी बघत न्हाय. तीच जळती. चला माझ्यासंगं नवी पेठंत."

नवी पेठेत कापडाच्या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर सुट्या भागांची दुकानं आहेत. जिने अरुंद, साड्यांच्या गठ्ठ्यांतून वाट काढत वर जायचं. प्रत्येक दुकानदार त्याला बघून खुर्ची द्यायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर 'झाली आजची सकाळ वाया' असं यायचं. अण्णा डबी हातात घेऊन आधी वजन बघायचा, मग नाकाजवळ नेऊन वास घ्यायचा, मग दुकानदाराला म्हणायचा, "हे तुमच्या घरच्या मशीनला लावलंय का? खरं सांगा." एका दुकानात काचेची बाजू असलेलं कॅबिनेट होतं, आतून रंगीत दिवे लागलेले. मला ते आवडलं. मी रंगांत काम करणारी बाई, मला रंग आवडणार.

"हे लग्नाच्या मांडवात लावा," तो दुकानदारादेखत म्हणाला. "तुमी टॉवेल विकता का टॉवेलाचं खोकं?"

"दिसायलापण काहीतरी पाहिजे की ओ अण्णा. माझ्या घरात राहणार आहे ते."

"सुम्निर्री अक्का." म्हणजे गप्प बसा. कानडीत म्हटलं की दुसऱ्याला लागत नाही असा त्याचा समज होता. या शहरात हयात गेलेल्या आमच्यासारख्यांना तेवढं कानडी कळतं.

कॅबिनेट घेतलं काळ्या पत्र्याचं, औषधाच्या दुकानातल्या कपाटाइतकं रुक्ष. एसएमपीएस मात्र सगळ्यांत चांगला घेतला, कॅबिनेटच्या दुपटीहून महाग. आणि मॉनिटर? तो कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसातला जुना घेतला. पिवळट. मी म्हटलं, मला रंग नीट दिसले पाहिजेत. तो म्हणाला, रंग धाग्यात असतो, काचेत कशाला बघता. डिझाइनमधलं त्याला काही म्हणता काही कळत नव्हतं, पण गप्प बसायची पाळी माझी होती. पहिल्या डिझाइनमधली माझी अबोली कारखान्यात विटकरी निघाली. पुढे मी मॉनिटर बदलला आणि त्याला सांगितलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर त्याने जमिनीवर टॉवेल अंथरायला लावला आणि त्यावर सगळं मांडून दुपारभर जोडत बसला. चालू केलं तेव्हा पहिल्या फटक्यात लागलं. हे कबूल करायला मला अजूनही जड जातं. मशीन खरंच चांगलं होतं, माझ्या मोठ्या फायली ते सहज उघडायचं आणि उन्हाळ्यातही कुरकुरायचं नाही. माझी कामं परत आली. काहींनी विजयाकडची काढून माझ्याकडे आणली. फक्त कॅबिनेटची बाजू त्याने लावली नाही. "वारं लागू द्या," म्हणाला, आणि जाताना ते झाकण खाटेखाली सरकवून दिलं. माझं मशीन पोट उघडं टाकून बसलेलं. मला वाटलं, उन्हाळ्यापुरतं असेल. खरं कारण मला पुढे कळलं.

आमच्या गल्लीत उसनवारी चालते. साखर, चहाची पत्ती, पाहुणे आले की गाद्या, पूजा असली की मोठी पातेली, कधी भरलेला गॅस सिलिंडरसुद्धा. कुणी मोजत नाही. अण्णाने हीच रीत कॉम्प्युटरला लावली होती. त्याच्या डोक्यात गल्लीतले सगळे कॉम्प्युटर मिळून एकच कॉम्प्युटर होता. ज्याला ज्या वेळी गरज, त्याच्याकडे त्या वेळी जास्त भाग. त्याने जोडलेली सगळी मशीनं म्हणूनच एकमेकांना चालतील अशी घेतलेली, आणि म्हणूनच सगळ्यांची झाकणं खाटेखाली.

मला हे कळलं ते माझी फाईल अचानक रखडत उघडायला लागली तेव्हा. आत वाकून बघितलं तर रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक नव्हती. तेवढं मला ओळखता येत होतं. मी ओट्यावर येऊन चोरी झाली म्हणून ओरडणार, तेवढ्यात बँकेची पिग्मी गोळा करणाऱ्या गुरुनाथची बायको ज्वारीच्या गरम भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन आली. "वैनी, तुमच्यामुळं पोरीची ऑनलाइन परीक्षा झाली बघा," म्हणाली आणि माझा हात धरून डोळ्यांत पाणी आणलं. मी जे दिलंच नव्हतं त्याचे आभार घेत उभी राहिले. त्या भाकऱ्या ह्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या.

अण्णा आला तेव्हा मी त्याला धरला.

"माझ्या मशीनमधलं न विचारता काही काढायचं नाही, अण्णा."

"अक्का, इचारलं असतं तर पोरीच्या परीक्षेला तुमी न्हाय म्हटला असता का?"

"नसतं म्हटलं."

"मग?" तो म्हणाला, आणि ब्रश काढून माझा कीबोर्ड झाडायला लागला.

यावर उत्तर आहे. ते मला दोन दिवसांनी सुचलं, भांडी घासताना: मला 'हो' म्हणायचं होतं, ते तुम्ही म्हणू दिलं नाही. तोवर तो पट्टी परत बसवून गेला होता आणि कुणाची तरी दुसरी काढून तिसऱ्याकडे घेऊन गेला होता.

आता तो शनिवार. एका मोठ्या टॉवेल कारखान्याला हॉटेलांची ऑर्डर आली होती. मालकांनी विजयाला आणि मला दोघींना बोलावून सांगितलं, काठावर जाईची वेल पाहिजे, शनिवारी संध्याकाळपर्यंत फाईल आणा, जिची पसंत पडेल तिच्याकडे या हॉटेलांचं सगळं काम. जाईची वेल माझ्या हातची होती. तिच्या पानांचा वळसा मी झोपेतही काढला असता. महिनाभर बसून मी ती केली. शेवटचं एकच काम उरलं होतं: काठाचं एक टोक दुसऱ्या टोकाला बेमालूम जुळवायचं, तासा-दीड तासाचं. त्या दिवशी सकाळी मोहोळला माझ्या भावाच्या मुलीचं बारसं. मोहोळ माझं माहेर. मी पहाटे गेले, पाळण्याची दोरी हलवली आणि जेवण न करता दुपारच्या एसटीने परत आले.

बटण दाबलं. पंखा नाही, दिवा नाही. पुन्हा दाबलं. मग उघड्या बाजूने आत बघितलं तर मागच्या कोपऱ्यात, जिथे ती पत्र्याची डबी असायची, तिथे चौकोनी भोक. वायरी तुटलेल्या मुळांसारख्या लोंबत होत्या.

"अत्तम्मा, कोण आलं होतं?"

"अण्णा आले होते गं," त्या खाटेवरून म्हणाल्या. "विजयाचं मशीन जळालं सकाळी. घाईचं काम होतं म्हणे तिचं. ते चौकोनी काढून न्हेलं. तुझं विचारलं, मी सांगितलं मोहोळला गेली. ते म्हणाले, माहेरी गेलेली बाई आज कुठली येते, उद्या बसवून देतो."

मी धावत समोर गेले. विजयाच्या दाराला कुलूप होतं. ती फाईल घेऊन कारखान्यात गेली होती आणि आत तिचं मशीन माझ्या डबीसकट बंद. अण्णाला फोन लावला. त्याचा फोन नेहमीप्रमाणे घरी, आणि तो मात्र कुठल्यातरी चौथ्याच्या घरी. माझी फाईल त्या मुक्या पत्र्याच्या आत. ती दुसऱ्याच्या मशीनवर कशी न्यायची हे गल्लीत एकाच माणसाला येत होतं. त्याने कुणाला काही शिकवलं नव्हतं. मी ओट्यावर बसले आणि सगळ्यांच्या देखत रडले. मला लाज वाटली नाही.

दिवेलागणीला तो सायकलवरून आला. मला बघून हसला, म्हणाला, "अरे, आज आला का तुमी?" मी त्याला काय झालं ते सांगितलं. अगदी नीट सांगितलं, आवाज न चढवता. त्याने ऐकून घेतलं. मला वाटलं, आता याच्या तोंडावर काहीतरी दिसेल. तो विचार करून म्हणाला,

"काम गल्लीतच राहिलं की, अक्का."

मी आयुष्यात कुणाला मारलेलं नाही. त्या वेळी माझा हात उठला होता, ह्यांनी धरला. मी एवढंच म्हणाले, "आजपासून माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही."

ते काम विजयाला मिळालं. ती दुसऱ्या दिवशी आली, म्हणाली, "मला माहीत नव्हतं गं कुणाचं काढून आणलं ते." ती खरं बोलत होती. मी तिला बस म्हटलं नाही. अण्णाने ती डबी सकाळी आमच्या ओट्यावर आणून ठेवली आणि तिथूनच परत गेला. गल्लीचं म्हणणं पडलं, झालं ते झालं. हे म्हणाले, त्याचा हेतू वाईट नव्हता. माझा संसार अशा चांगल्या हेतूच्या माणसांनी भरलेला आहे! जाईची ती वेल मी पुढे एका नॅपकिनवाल्याला दिली. त्याने ती छोटी करून कोपऱ्यात टाकली.

आणि मी कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेतला. कुणालाही न विचारता, शोरूममध्ये एकटी जाऊन. बारीक, गुळगुळीत, मागे सील. जुनं मशीन अण्णाच्या सगळ्या भागांसकट मी गुरुनाथच्या मुलीला देऊन टाकलं. पहिले काही दिवस मी काम थांबवून त्या सीलकडे बघत बसायची. माझ्या घरातली एक तरी वस्तू माझी आहे असं वाटायचं. अण्णा रस्त्याने जाता-येता आमच्या दाराकडे बघत नसे. मशीन बरं आहे का, हे त्याने मला पुन्हा विचारलं नाही, आणि मला ते बरंच वाटत होतं.

दोन उन्हाळे गेले. तिसऱ्याला त्याच मोठ्या कारखान्याच्या मालकांचा फोन आला. विजयाच्या हातात फार काम होतं, एक नवीन काठ चार दिवसांत पाहिजे होता. "वेलबुट्टीवाल्या बाई, जमेल का?" मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी जळका वास आला आणि मशीन बंद पडलं, म्हणजे आतली डबीच गेली. कंपनीच्या नंबरवर एक मुलगी फार गोड आवाजात दिलगिरी व्यक्त करत होती, माणूस आठवड्याने येईल म्हणत होती. तिच्याशी भांडायला मला दारच सापडेना.

गल्लीत बातमी लपत नाही. गुरुनाथची बायको आली, तिच्या हातात एसएमपीएस. कांबळे सर आले. त्यांनीही आता घरी जोडलेलं मशीन घेतलं होतं, त्याचा काढून आणला होता. विजयासुद्धा आली, दारात उभी राहिली आणि आपला पुढे केला. ह्यांनी सील फाडलं आणि झाकण काढलं. एकाचाही बसेना. आतली डबी वेगळ्याच आकाराची, अरुंद, आणि तिच्या वायरीचं तोंडही वेगळं. सगळ्यांनी आपापल्या परीने लावून बघितलं. मग आपापली डबी घेऊन सगळे माझ्या खोलीत उभे राहिले.

अत्तम्मांनी मला न विचारता अण्णाला निरोप धाडला. तो पुढच्या आठवड्यात विजापूरला मुलीकडे कायमचा राहायला जाणार होता, त्याचं सामान बांधून झालं होतं. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, चाल मंदावलेली. तो दारापर्यंत आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला.

"येऊ का, अक्का?"

नको म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं. मी "या" म्हणाले.

तो खाली बसला, चष्मा वर केला, आत बोट घालून ते तोंड चाचपलं. "तोंडच वेगळं केलंय याचं. गल्लीतलं कुणाचं बसायचं न्हाय." ते आम्हाला कळलंच होतं. मी वाट बघत उभी राहिले. आता हा म्हणेल, मी सांगितलं होतं. आता भाडेकरू म्हणेल. माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं, दोन वर्षं घोटलेलं. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"चांगलं मशीन घेतलं अक्का तुमी," तो म्हणाला. "यातलं कुणाला काय काढून न्हेता यायचं न्हाय."

हा टोमणा होता की माफी, मला आजही कळलेलं नाही. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. नुसता टोमणा असता तर मी त्याला तिथेच सोलून काढला असता. तेवढंही त्याने माझ्या वाट्याला ठेवलं नाही.

"चहा टाकते," मी म्हणाले. कसं म्हणाले कोण जाणे.

"बेड री," तो म्हणाला. नको. आणि चष्मा नीट करून बाहेर पडला.

गुरुनाथकडचं जुनं मशीन मागता आलं असतं, पण दिलेलं परत मागायला माझी जीभ रेटेना. मी मालकांना फोन लावला, जमणार नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, विजयाबाईंना विनंती करतो. फोन कानाला तसाच धरून मी दारात आले. अण्णा रस्ता ओलांडत होता. समोर विजयाचं दार उघडं होतं. तिथे तो थांबला नाही, त्याने कुणाला काही विचारलं नाही. चपला काढल्या आणि सरळ आत गेला. आतून तिच्या सासूचा आवाज आला, "या की अण्णा, जेवून जा." मी माझ्या उंबऱ्यात उभी होते, आणि त्या शनिवारीसुद्धा मला त्याचा इतका राग आला नव्हता.